शिकलेल्यांचा मेंदू उशिरा म्हातारा होतो का? आणि बायकांचा?

पिंपळपान
निरोगी माणसाचा मेंदूही साठीनंतर वर्षागणिक थोडाथोडा आकसत जातो, हे आता सर्वमान्य आहे. हे आकसणे सगळ्यांचे सारख्याच गतीने होते का, आणि त्यात शिक्षणाचा व स्त्री-पुरुष भेदाचा हात किती, याबद्दल मात्र जाणकारांतही एकमत नाही. या विषयावर अलीकडे जे वाचनात आले, त्यातली दोन संशोधने सर्वसाधारण समजुतीच्या उलट जाणारी वाटली, म्हणून हा धागा.

पहिले १९९९ मधले आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड कॉफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६६ ते ९० या वयोगटातल्या ३२० ज्येष्ठांचे एमआरआय तपासले. ही सगळी माणसे स्वतःचे व्यवहार स्वतः सांभाळणारी, स्मृतिभ्रंशाची कोणतीही खूण नसलेली होती. मेंदू आकसला की त्याच्या पृष्ठभागावरच्या घड्यांमधल्या खाचा रुंदावतात आणि कवटीच्या आत मोकळ्या झालेल्या जागेत पाण्यासारखा द्रव साठतो. द्रव जितका अधिक, तितका मेंदू आकसलेला, असा हा हिशेब. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे हा द्रव सरासरी १.७७ मिलिलिटरने अधिक आढळला. थोडक्यात, जास्त शिकलेल्यांचा मेंदू जास्त आकसलेला होता आणि तरीही ते ठणठणीत होते.

दुसरे २०१९ मधले. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मनू गोयल आणि सहकाऱ्यांनी २० ते ८२ वयाच्या २०५ जणांचा मेंदू साखर आणि प्राणवायू कसा वापरतो हे मोजले. त्या मोजमापावरून काढलेले मेंदूचे वय स्त्रियांमध्ये सरासरी ३.८ वर्षांनी कमी भरले.

आता अडचण पाहा. शिक्षण मेंदूचे रक्षण करत असेल, तर शिकलेल्यांचा मेंदू अधिक आकसलेला का? आणि स्त्रियांचा मेंदू तरुण असेल, तर भारतातल्या पाहण्यांमध्ये वयस्क स्त्रिया स्मरणशक्तीच्या आणि आकलनाच्या चाचण्यांत पुरुषांच्या मागे का पडतात? माझे मत असे, की शिक्षण मेंदूची झीज थांबवत नाही, फक्त झिजेचा परिणाम बराच काळ दिसू देत नाही. आणि आपल्याकडे जो स्त्री-पुरुष फरक दिसतो, त्यातला मोठा भाग निसर्गाने केलेला नसून शाळेच्या दाराशी झालेला आहे. कोणाला हे पटत नसेल तर अवश्य खोडून काढावे.

दुर्गभटका
पुरुषांचा मेंदू आधी म्हातारा होतो, हे सिद्ध करायला आमच्या घरी एमआरआयची गरज कधीच पडली नाही. चष्मा कपाळावर असताना तो घरभर शोधणारा मी एकटाच आहे.

शून्यपूर्णांक
पिंपळपान, कॉफी यांच्या निष्कर्षातला विरोधाभास खरा आहे, पण त्याची किल्ली 'निरोगी' या अटीत आहे. अभ्यासात घेताना ज्यांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे आहेत त्यांना वगळले. आता समजा, दोन माणसांचा मेंदू सारखाच आकसला आहे. कमी शिकलेल्यात लक्षणे दिसू लागली, म्हणून तो यादीतून बाहेर गेला. जास्त शिकलेल्यात ती दिसली नाहीत, म्हणून तो यादीत राहिला. राहिलेल्यांचे मोजमाप घेतले की शिकलेल्यांचे मेंदू अधिक आकसलेलेच दिसणार. त्यावरून शिक्षणाने मेंदू आकसतो असे कोणी म्हणू नये. शिकलेला माणूस अधिक झीज सोसूनही उभा राहू शकतो, एवढेच यातून निघते, आणि कॉफी यांचे स्वतःचे म्हणणेही तेच होते.

या कल्पनेचा इतिहास थोडा जुना आहे. १९८८ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी वृद्धाश्रमातल्या १३७ मृत व्यक्तींचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांतल्या काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर असूनही ती माणसे हयातीत व्यवस्थित वागत-बोलत होती, असे आढळले. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या याकोव स्टर्न यांनी त्यातून बौद्धिक राखीव क्षमतेची संकल्पना मांडली.

परंतु एक महत्त्वाची मर्यादा आहे. कॉफींनी प्रत्येकाचे एकदाच चित्र घेतले. एका वेळच्या चित्रावरून गती कळत नाही. त्यासाठी त्याच माणसाला काही वर्षांनी पुन्हा यंत्रात झोपवावे लागते. ते काम २०२१ मध्ये स्वीडनच्या लार्स नायबर्ग आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर केले. जास्त शिकलेल्यांचा मेंदू आकाराने किंचित मोठा आढळला, पण आकसण्याचा वेग शिकलेल्यांचा आणि न शिकलेल्यांचा सारखाच निघाला. सगळे एकाच गतीने जिना उतरत आहेत. कोणी चौथ्या मजल्यावरून निघाले आहे आणि कोणी दुसऱ्या, एवढाच फरक.

दुर्गभटका
आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचेच आधी थकतात, कारण लिफ्ट कायम बंद असते. विषयांतराबद्दल क्षमस्व.

ओसरी
चाचण्यांबद्दल एक अनुभव सांगते. माझ्या आईचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आणि मग धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी तिची शाळा सुटली. मागच्या वर्षी, ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना, शहरातल्या एका रुग्णालयात तिची स्मरणशक्तीची चाचणी झाली. "आज तारीख काय?" या प्रश्नावर तिने "श्रावण वद्य चतुर्थी, संकष्टी" असे ठामपणे सांगितले. ते बरोबर होते. तपासणाऱ्या मुलीने तारीख पुन्हा विचारली. आईने, आपले उत्तर तिला ऐकू गेले नसावे असे समजून, चंद्रोदयाची वेळही सांगून टाकली. गुण मिळाले नाहीत.

पुढे एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन कागदावर पाहून काढायचे होते. आईने पेन्सिल मुठीत धरली आणि आधी कागदावर ठिपके मांडायला सुरुवात केली, रांगोळीचे असतात तसे, समान अंतरावर. ठिपके मांडून होतात न होतात तोच कागद काढून घेतला गेला. ज्या बाईने साठ वर्षे रोज दारात पंधरा ठिपक्यांची रांगोळी घातली, तिला "आकृती जमली नाही" असा शेरा मिळाला. बाबांना, जे पदवीधर आहेत आणि गॅस बंद करायला हमखास विसरतात, जवळजवळ पैकीच्या पैकी गुण होते. त्या दिवसापासून ते आईला अधूनमधून गुण ऐकवत असतात, तो भाग वेगळा.

कऱ्हाकाठ
ओसरीताई, तुमच्या आईंच्या बाबतीत जे झाले, ते ओपीडीत आम्ही नेहमी पाहतो. ती चाचणी बहुधा १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली, तीस गुणांची असावी. तिच्यात वाक्य लिहायचे असते, कागदावरची सूचना वाचून तसे करायचे असते, आकृती पाहून काढायची असते. शाळेत कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाचे काही गुण परीक्षेला बसण्यापूर्वीच गेलेले असतात.

यावर आपल्याच देशात फार सुंदर काम झालेले आहे आणि ते लोकांना माहीत नाही, याचे वाईट वाटते. हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात भारत आणि अमेरिका यांचा एक संयुक्त प्रकल्प झाला. तिथे पंचावन्न वर्षांवरील पाच हजारांहून अधिक ग्रामस्थांची पाहणी करायची होती आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश निरक्षर होते. म्हणून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्या चाचणीचे हिंदी रूप सिद्ध केले. "डोळे मिटा" असे लिहिलेला कागद वाचायला देण्याऐवजी तपासनीस म्हणतो, "माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसेच करा," आणि स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहून घेण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायला लावतात. इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट्या क्रमाने म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. यातली कोणतीही गोष्ट अवघड नाही. ती करण्यासाठी समोरच्याचे आयुष्य डोळ्यांपुढे आणावे लागते, एवढेच. शहरातल्या खाजगी तपासण्यांमध्ये अजूनही घाईघाईने जुनीच प्रत वापरली जाते, हे दुर्दैव.

मात्र एक सावधगिरीची सूचना करतो. चाचणी पक्षपाती आहे म्हणून तिचा निकाल बाजूला ठेवू नका. आधी जमणारी गोष्ट आता जमत नसेल, रोजचा स्वयंपाक करताना क्रम चुकत असेल, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होत असेल, तर शिक्षण चौथीचे असो वा पीएचडीचे, डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

रातराणी
मला मुळातच एक आक्षेप आहे. शिक्षण म्हणजे शाळेत काढलेली वर्षे, हे समीकरण या सगळ्या अभ्यासांनी निमूटपणे धरून चाललेले दिसते. ज्या पिढीच्या स्त्रियांना अक्षर ओळखता येत नव्हते, त्यांनी जात्यावर शेकडो ओव्या तोंडपाठ ठेवल्या, त्यांत भर घातली आणि लेकीसुनांना दिल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ही काय स्मरणशक्ती नव्हे? तिची नोंद "शिक्षण: शून्य वर्षे" अशी करणे हा मला अन्याय वाटतो.

आडवाट
रातराणी, ओव्यांबद्दलचा आदर माझाही तितकाच आहे, पण इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे. सरावाने कमावलेली स्मृती त्या त्या विषयापुरती पक्की होते. पाहण्यांमध्ये एकमेकांशी संबंध नसलेले दहा शब्द ऐकवतात आणि थोड्या वेळाने आठवायला सांगतात. ओवीला चाल असते, यमक असते, जात्याची लय असते, आणि तिच्यात स्वतःचे माहेर-सासर असते. सुट्या शब्दांना यांतले काहीच नसते. निरर्थक गोष्टी केवळ सांगितल्या म्हणून लक्षात ठेवणे ही खास शाळेत लागणारी सवय आहे.

याबाबत पोर्तुगालमधले एक संशोधन मला फार बोलके वाटते. अलेक्झांद्रे कास्त्रो-काल्डास आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ते प्रसिद्ध केले. दक्षिण पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील मासेमारी करणाऱ्या वस्तीत पूर्वी थोरल्या मुलीला धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी ठेवत आणि धाकट्या मुली शाळेत जात. त्यामुळे एकाच परिस्थितीत वाढलेल्या, पण एक गट साक्षर आणि दुसरा निरक्षर, अशा वयस्क स्त्रिया संशोधकांना मिळाल्या. नेहमीचे शब्द ऐकून पुन्हा म्हणताना दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. अर्थ नसलेले, बनावट शब्द म्हणताना मात्र निरक्षर स्त्रिया अडखळल्या आणि त्यांच्या मेंदूतली हालचालही वेगळी दिसली. निरक्षर स्त्रियांची बुद्धी कमी, असा याचा अर्थ होत नाही. अक्षरओळख मेंदूला आवाजाचे तुकडे पाडायला शिकवते, आणि आपल्या बहुतेक चाचण्या शाळेत लागणाऱ्या अशाच सवयींवर उभ्या असतात.

ओसरीताईंच्या आईची शाळा ज्या कारणाने सुटली, तेच कारण तिथेही आहे, हे वाचताना अंगावर आले.

रातराणी
म्हणजे चाचणी शाळेने घडवलेल्या मेंदूची आहे, हे तुम्हीच मान्य करत आहात. मग माझा आक्षेप तसाच उभा राहतो.

थेम्सकाठचा नाना
इथे इंग्लंडमध्ये अलीकडे एक संशोधन गाजले, ते या चर्चेत सांगायलाच हवे, कारण त्यामुळे पिंपळपान यांच्या मताला बळकटी मिळते आणि काही जणांची झोपही उडेल. १९७२ मध्ये इथे शाळा सोडण्याचे किमान वय पंधरावरून सोळा केले गेले. १ सप्टेंबर १९५७ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना कायद्याने एक वर्ष जास्त शाळेत काढावे लागले. ऑगस्टमध्ये जन्मलेले सुटले. दोन्हीकडची मुले एकाच गावातली, एकाच थरातली. घरची परिस्थिती, आईबापांची बुद्धी, पैसा या सगळ्या गोष्टी आपोआप समान झाल्या.

नेदरलँड्समधल्या निकोलस जड आणि रॉजिअर कीव्हिट यांनी यूके बायोबँक या तिथल्या लाखो लोकांच्या आरोग्य-माहितीच्या संग्रहात नोंदलेल्या अशा लोकांचे, त्या वाढीव वर्षानंतर चार-पाच दशकांनी काढलेले एमआरआय तपासले. मेंदूच्या रचनेत त्या जादा वर्षाचा काहीही ठसा सापडला नाही. अजिबात नाही. याच कायद्याचा शिक्षणावर आणि पुढच्या मिळकतीवर परिणाम झाल्याचे आधीच दाखवले गेले होते, त्यामुळे कायदा कागदावरच राहिला होता असेही म्हणता येत नाही.

पिंपळपान
नाना, हे वाचून मीच थोडा अडखळलो. मी शिक्षणाला झीज थांबवण्याचे श्रेय देत नव्हतोच, पण शिक्षणाने निदान सुरुवातीचा मेंदू मोठा होतो असे धरून चाललो होतो. तोही आधार या अभ्यासाने काढून घेतला. मग मोठा मेंदू असलेले मुळातच जास्त शिकतात, एवढेच उरते का?

शून्यपूर्णांक
एवढेच उरत नाही. रचना आणि कार्य यांत फरक आहे. एमआरआयमध्ये आकार दिसतो. शब्दसंग्रह, हिशेबाच्या युक्त्या, अडचण आली की दुसरा मार्ग शोधण्याची सवय, यांतले काहीही घनफळात दिसत नाही. शिवाय तिथे पंधराव्या-सोळाव्या वर्षातला फरक तपासला आहे. शून्य वर्षे आणि चार वर्षे यांतला फरक कदाचित पूर्णपणे वेगळ्या जातीचा असेल. इंग्लंडमध्ये तो तपासायला माणसेच सापडणार नाहीत. तो प्रश्न भारतासारख्या देशातच सुटू शकतो.

मोगरावेणी
मी नन्सच्या अभ्यासाचा उल्लेख कोणी करते का याची वाट पाहत होते. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये तो सुरू केला आणि पुढे ६७८ ख्रिस्ती भगिनी त्यात सामील झाल्या. सगळ्या स्त्रिया, सगळ्यांचे जेवण, निवास, दिनक्रम आणि वैद्यकीय सेवा जवळपास सारखी, दारू-सिगारेट जवळजवळ नाही, बाळंतपणे नाहीत. त्यामुळे स्त्री-पुरुष भेदाचा आणि परिस्थितीचा गुंता बराच सुटतो आणि शिक्षणाकडे सरळ पाहता येते. त्यांच्यातल्या एक सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत चाचण्यांत त्यांचे गुण उत्तम होते, पण मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर अल्झायमरच्या खुणा भरपूर. शून्यपूर्णांक यांनी सांगितलेल्या राखीव क्षमतेचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आडवाट
मोगरावेणी, याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मठात प्रवेश करताना, सरासरी बाविसाव्या वर्षी, या भगिनींनी आपापले छोटे आत्मचरित्र लिहून दिले होते. ज्यांच्या लेखनात दर दहा शब्दांमागे कमी कल्पना सामावलेल्या होत्या, त्यांच्यात साठ वर्षांनंतर अल्झायमर अधिक दिसला. विशीतच फरक दिसत असेल, तर ती शिक्षणाची करामत, की लहानपणापासूनच्या मेंदूची? स्नोडन यांना हे कोडे पूर्ण सुटले असे मला वाटत नाही.

केवडा
सगळे शिक्षणावरच बोलत आहेत. मूळ प्रश्नात स्त्री-पुरुषही होते. स्त्रियांचा मेंदू तरुण म्हणता, मग स्मृतिभ्रंश स्त्रियांमध्ये जास्त का?

कऱ्हाकाठ
केवडा, प्रश्न रास्त आहे. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसे, इतके आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक. साधे उत्तर असे दिले जाते की स्त्रिया जास्त जगतात आणि हा आजार उतारवयाचा आहे. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत पोचणारे पुरुष निवडक असतात. ज्यांचे हृदय आणि रक्तवाहिन्या कमकुवत होत्या, ते आधीच गेलेले असतात, आणि हृदयाला जे घातक ते मेंदूलाही घातक असते. उरलेल्या काटक पुरुषांशी सगळ्या स्त्रियांची तुलना होते.

२०२५ मध्ये नॉर्वेच्या ऑस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी ४,७०० हून अधिक निरोगी लोकांचे, पुन्हापुन्हा काढलेले मिळून १२,००० हून अधिक एमआरआय पाहिले. आकसण्याचा वेग पुरुषांमध्येच अधिक भागांत जास्त आढळला. त्यांनी निष्कर्षही स्पष्ट लिहिला, की निरोगी वार्धक्यातल्या आकसण्यावरून स्त्रियांमधल्या जास्त अल्झायमरचे कारण सांगता येत नाही. कारण इतरत्र शोधावे लागेल.

दुर्गभटका
ऑस्लोवाल्यांनी आमच्या सौभाग्यवतीला हा निष्कर्ष कळवू नये, एवढीच विनंती.

गोदावरीकर
इतरत्र म्हणजे कुठे, यावर लिहितो. मी आयुष्यभर आकडेवारीत काम केले आहे, त्यामुळे माझे लक्ष जन्मसालाकडे जाते. आज जी बाई पंच्याहत्तरच्या पुढे आहे, ती १९५० च्या आसपास जन्मली. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता ८.८६ टक्के होती आणि पुरुषांची २७.१६ टक्के. १९६१ मध्ये, म्हणजे ती मुलगी शाळेत असायला हवी होती तेव्हा, हे आकडे अनुक्रमे १५.३५ आणि ४०.४० टक्के झाले. म्हणून आपल्याकडे जेव्हा कोणी "वयस्क स्त्रिया" आणि "वयस्क पुरुष" यांची तुलना करतो, तेव्हा तो नकळत "शाळेत न गेलेले" आणि "शाळेत गेलेले" यांची तुलना करत असतो. स्त्री-पुरुष हा रकाना आणि शिक्षणाचा रकाना या पिढीत जवळजवळ एकमेकांवर चढलेले आहेत, आणि कोणतेही सूत्र ते पूर्णपणे सोडवू शकत नाही.

ज्येष्ठांच्या राष्ट्रीय पाहणीची पूर्वतयारी २०१० मध्ये पंजाब, राजस्थान, केरळ आणि कर्नाटक या चार राज्यांत झाली होती. जिन्कूक ली आणि सहकाऱ्यांनी ती माहिती तपासली, तेव्हा स्त्रियांची पिछेहाट उत्तरेकडच्या राज्यांत मोठी आणि दक्षिणेत बरीच कमी आढळली. केरळमधल्या बाईचा मेंदू राजस्थानातल्या बाईच्या मेंदूपेक्षा जीवशास्त्राने वेगळा नाही. वेगळे आहे ते तिच्या लहानपणीचे गाव.

युरोपातून याची दुसरी बाजू दिसते. १३ देशांतल्या पन्नाशीपुढच्या सुमारे ३१,००० लोकांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे आणि ज्या पिढीत राहणीमान आणि शिक्षण सुधारले, तिथे घटना लक्षात ठेवण्यातली स्त्रियांची आघाडी आणखी वाढली, आकडेमोडीतली पुरुषांची आघाडी कमी झाली, आणि भराभर शब्द सुचण्यातला फरक तर नाहीसाच झाला. संधी सारख्या झाल्या की सगळे फरक पुसले जातील, अशी आपली अपेक्षा असते. पण इथे काही पुसले गेले, एक कमी झाला आणि एक उलट ठळक झाला. म्हणून "सगळे शाळेमुळेच" हे पिंपळपान यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. निसर्गाने दिलेला स्मृतीचा लाभ स्त्रियांकडे असावा. आपल्याकडे तो शाळेअभावी झाकला गेला आहे.

पिंपळपान
गोदावरीकर, "मोठा भाग" असे मी लिहिले होते, "सगळे" नव्हे. पण तुमची मांडणी माझ्यापेक्षा नेटकी आहे, हे मान्य.

ओसरी
मग माझा व्यवहारातला प्रश्न असा, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिकून काही उपयोग आहे का? आईला नातवाच्या पुस्तकातून पुन्हा वाचायची हौस आली आहे.

मोगरावेणी
जरूर शिकवा. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर गुरुजींनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन येतात. अंगठ्याच्या जागी सही करता येऊ लागल्यावर त्यांच्या बोलण्यात जो फरक पडला, तो कोणत्याही एमआरआयमध्ये दिसणार नाही.

आडवाट
मेंदूतही थोडा दिसतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, बहुतेक तिशीतल्या निरक्षर स्त्रियांना सहा महिने हिंदी वाचायला शिकवून त्यांचा मेंदू आधी आणि नंतर तपासण्यात आला होता. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. दृष्टीशी संबंधित भाग आणि मेंदूच्या खोल, जुन्या भागांतले केंद्र यांच्यातला मेळ वाढलेला आढळला. मात्र त्या तिशीतल्या होत्या; त्यावरून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाचा दावा मी करणार नाही, आणि वाचायला शिकल्याने आकसणे थांबते असे तर मुळीच म्हणणार नाही.

कऱ्हाकाठ
ओसरीताई, वाचनासोबत आईंचे कान तपासून घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या समितीने स्मृतिभ्रंशाशी निगडित, आपल्या हातातली चौदा कारणे दिली आहेत. लहानपणी शिक्षण कमी मिळणे याचा वाटा त्यांत ५ टक्के धरला आहे आणि मध्यम वयानंतरचा बहिरेपणा ७ टक्के. गेलेली शाळा परत आणता येत नाही. श्रवणयंत्र आणता येते. आणि ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याचे ऐकून आठवायच्या शब्दांचे गुणही जातातच, हा दुहेरी फटका आहे.

पुढच्या तपासणीला जाताना त्या किती यत्ता शिकल्या ते कागदावर आधीच लिहून न्या, चाचणी मराठीतून घ्यायला सांगा आणि चष्मा बरोबर ठेवा. बाबांच्या गुणांशी तुलना करू नका. मागच्या वर्षीच्या स्वतःच्या गुणांशी करा.

ओसरी
कान तपासले नव्हते. पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. बाबांनाही नेते आहे, कारण हाका मारल्या तर ओ देत नाहीत. ते विसरणे आहे की न ऐकणे, याचा निकाल एकदा लागूनच जाऊ दे.

शून्यपूर्णांक
मूळ प्रश्नाबद्दल शेवटचे लिहितो. आपल्याकडची ज्येष्ठांची राष्ट्रीय पाहणी पंचेचाळिशीपुढच्या सुमारे ७२,००० लोकांवर आधारलेली आहे आणि त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा भेटण्याची तिची रचना आहे. मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे तिची मुख्य जबाबदारी आहे. पंचेचाळिशीतल्या स्त्रियांमध्ये शाळेत गेलेल्यांचे प्रमाण त्यांच्या आयांपेक्षा कितीतरी अधिक आहे. त्या सत्तरीत पोचतील तेव्हा दोन्ही रकाने थोडे सुटे झालेले असतील. गोदावरीकर म्हणतात तसा स्त्रियांचा स्मृतीचा लाभ तेव्हा उघड दिसला, तर त्यांचे बरोबर. आणि शिकूनही फरक तसाच राहिला, तर पिंपळपान यांना आणि मलाही हा धागा पुन्हा वर काढावा लागेल.

रातराणी
आणि त्या चाचणीत एक ओवी घाला, अशी माझी सूचना त्यांना कळवा.